निशिगंधाचं रक्त

सोमवार, ३ फेब्रुवारी

जोतिबाला हात जोडून ही वही आजपासून धरली. किराणा, दूध आणि औषधं लाल वहीत मांडते, ती तिथंच राहतील. बेरजेत बसत नाही ते इथं लिहायचं.

काल विशूचे तळहात लाल दिसले. विचारलं, मिरच्या चोळल्यास का. म्हणाला, "व्हय. तू खाऊ देत न्हाईस, मग चोळून तरी घ्याव्या म्हटलं." आज कानामागं आणि पाठीवरही पुरळ आहे. खाजतंय म्हणतो. देवी आल्या असतील म्हणून कडुलिंबाचा डहाळा दाराला बांधला. सकाळी डॉक्टरांना फोन करायचा.

विशू म्हणजे माझा विश्वजित, सत्तावीस वर्षांचा. इथंच राजारामपुरीत क्लासमध्ये गणित शिकवायचा. गेल्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. पुण्याला नेऊन हाडातला मगज बदलावा लागला. आम्हा आईबापाचा अर्धाच जुळत होता. पूर्ण जुळला तो थोरल्या निशिगंधाचा. तिच्या कमरेच्या हाडातून काढून याला दिला. आता विशूचा रक्तगटसुद्धा तिचा झालाय.

निशिगंधा सहा वर्षांमागं प्रसेनजीतशी लग्न करून गेली. तो बौद्ध समाजातला, वीज मंडळात आहे, घर वडगावला. मुलगा वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. चांगला आहे असंही म्हटलं नाही. यांनी त्या दिवशीच सांगितलं, ह्या घरचा उंबरा तिला बंद. मी गप्प बसले. विशूचं दुखणं निघाल्यावर तिला फोन मीच केला, शेजारच्या क्रांतीच्या मोबाइलवरून. दुसऱ्या दिवशी ती पुण्यात हजर. तेव्हापासून दवाखान्यात भेटतो. घरी अजून नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

देवी नव्हेत. विशूला इथल्या दवाखान्यात ठेवून घेतलंय. पाठीच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा काढून तपासला.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. रक्तात काही पेशी राखणदार असतात. परका दिसला की त्याला मारायचं, एवढंच त्यांना येतं. निशिगंधाच्या पेशी विशूच्या अंगात राहायला आल्या. त्याची कातडी त्यांना परकी वाटते म्हणून त्या तिच्यावर तुटून पडतात, असं साधारण समजा, म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, एका पोटची भावंडं आहेत."

"म्हणून तर एवढ्यावर आहे. आणि थोडं झालेलं चालतं, आजी. ह्याच पेशी उरलासुरला कॅन्सर शोधून मारतात. जास्त झालं तर मात्र आवरावं लागतं."

राखणदारांना गुंगी आणणारी औषधं सुरू केलीत. मला आजी म्हणाल्या. मी छप्पन्नची आहे.

घरी येऊन यांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या हिरीचं पाणी. हितल्या मातीला कसं मानवंल."

मी म्हटलं, "आपलीच लेक हाय ती."

"हुती," म्हणाले आणि टीव्ही लावला.

रविवार, १६ फेब्रुवारी

गोळ्या चालू आहेत, लाली हटत नाही. आता पोटावर आणि मांड्यांवर उतरलीय.

आज माघातला पहिला खेटा. पाच रविवार जोतिबाला चालत जायचं बोलले होते. कुशिऱ्याकडच्या चढाला शुक्रवार पेठेतल्या तानाबाई बरोबर लागल्या. ओळख नव्हती, चालता चालता झाली. मी विशूचं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "लेक कुणाच्यात दिलीया?"

मी अर्धं सांगितलं. वडगावला दिलीय एवढंच.

"मग तिच्या सासरच्या देवाचा मान दिलासा का? लेक एकदा गेली की ती त्या घरची. तिचं हाड त्या देवाचं. तुम्ही त्यातलं काढून आणलंसा आणि त्याला इचारलं बी न्हाय. तो का म्हणून सोडंल?"

बोलणं खोल गेलं. देवळात गुलालात उभी राहिले तरी डोक्यात तेच. आम्ही ओटी भरून लेक दिलीच नव्हती, ती आपली आपण गेली. न विचारता गेली, न विचारता आणली. मान कुणाचा राहिला असेल, आमचा की त्यांचा? आणि त्यांच्यात देव कुठला, हेही मला ठाऊक नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

यांना दवाखान्यात बसवून मी वडगावला जाऊन आले. औषध आणायला जाते म्हणून सांगितलं. नारळ, खण, तांदूळ घेतले.

घर विचारत विचारत गेले. दोन खोल्या, पुढं तुळस नाही, मोगरा आहे. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताजे हार. प्रसेनजीतची आई सरुबाई दारात लसूण सोलत होत्या. मी कोण ते सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, "या, पावणं. वाट चुकलासा व्हय?"

निशिगंधा पतपेढीतून यायची होती. नात साक्षी दाराआडून बघत होती. चार वर्षांची आहे, कपाळ यांच्यावर गेलंय. मी हात पुढं केला, ती आली नाही.

मी नारळ पुढं ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या घरचा काही मान राहिला असेल तर पदरात घ्या. माझ्या लेकराला सोडा म्हणावं."

सरुबाई नारळाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात नारळ-बिरळ न्हाय ओ, ताई. आणि मान म्हणालासा तर, तुमची लेक पुण्यासनं कमरंत सुई घिऊन आली, आठ दिस तिला पाठ टेकवंना. इचारायला कोण आलंतं? तुमचं कायबी आमच्याकडं ऱ्हायल्यालं न्हाय. ऱ्हायलंय ते तिचं."

चांगलं बोलल्या की वाईट, मला ठरवता येईना. एवढ्यात निशिगंधा आली. मला बघून पर्स हातातच राहिली. "विशूला काय झालं?" पहिलं तेच.

मी तिला पाटावर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तुझ्या पेशी त्याची कातडी खातायत. मग म्हटलं, "नारळावर हात ठेव आणि बोल. मी भावाला मनापासून दिलं. माझ्या मनात आई-आण्णांचा राग असेल तर तो माझ्यापाशी राहू दे. माझ्या पेशींनो, त्याला सोडा."

ती बीएस्सी झालीय. वाटलं हसेल. हसली नाही. हात ठेवला आणि एकेक शब्द माझ्यामागून म्हटला. शेवटचा म्हणताना आवाज गेला. मला वाटलं, पोहोचलं.

सरुबाई म्हणाल्या, "हे बरं न्हाय केलंसा."

येताना मन हलकं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कातडी सुटायला लागलीय. उकळतं पाणी सांडल्यासारखे फोड आलेत. चादर काढताना चादरीबरोबर पाठीचं सालपट येतं. नर्स हळू हळू पाणी मारून सोडवते. विशू म्हणतो, "आई, उकडलेला बटाटा सोलायचा असला की मला सांगत जा. आता मला त्यातलं कळतंय." सगळे हसले. मी बाहेर येऊन बसले.

निशिगंधा रोज येते पण वर येत नाही. खाली बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसते. मी म्हटलं, चल की. म्हणाली, "नको. मी जवळ आले की वाढलं तर?" असं काय बोलते कळत नाही. लहानपणापासून तिला जखम बघवत नाही. विशूचा गुडघा फुटला की हीच डोळे मिटून घ्यायची. तसंच असेल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

चादर चिकटते म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केळीची पानं मिळतील का. धुऊन, वाफवून, निवल्यावर पाठीखाली घालायची. जुना उपाय आहे पण कातडी ओढत नाही. प्रसेनजीत खाली निशिगंधाजवळ होता. तो ऐकून गाडीवरून गेला आणि दुपारपर्यंत भारा घेऊन आला.

हे जिन्यात उभे होते. सहा वर्षांत दोघं समोरासमोर आले नव्हते. यांनी विचारलं, "कुठली पानं?"

"कोडोलीची. तुमच्या चुलतभावाच्या मळ्यातली."

"त्यानं दिली?"

"विशूचं नाव सांगितलं, मग दिली. माझं न्हाय सांगितलं."

यांनी भारा घेतला. घेतला म्हणजे त्याच्या हातून घेतला. मग म्हणाले, "पानं बारकी हायत," आणि वर गेले. पानं बारकी नव्हती.

विशू पानावर झोपला आणि म्हणाला, "आता मीठ-लिंबू वाढा म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तुकडा कातडीचा मागितला. उपचारासाठी नव्हे, अभ्यासासाठी. मुलगा आणि देणारी बहीण असं असलं की रंग लावून बघता येतं, कातडीतल्या पेशी बाईच्या की पुरुषाच्या. म्हणजे तिच्या की त्याच्या. मी म्हटलं, त्यात बघायचं काय, ठाऊकच आहे की. विशू म्हणाला, "घ्या हो बाई. तशीबी पडायलीच हाय." सही त्यानंच केली, बोटांना पट्ट्या असताना.

रविवार, २ मार्च

खेटा चुकला. देवाला इथूनच सांगितलं, पाय तयार आहेत, पण पोराजवळची जागा सोडवत नाही.

नवीन गोळी लागू पडेना. जुलाबही लागलेत. विशू थोडा शुद्धीत असला की बोलतो. आज यांना म्हणाला, "आण्णा, मला घरी न्यायचं म्हणताय न्हवं?"

"व्हय की. बरा झालास की."

"पण माझं रक्त काढलं तर मशीन बाईचं म्हणतंय. आक्काचं. मी घरात आलो म्हणजे ती आलीच की. मग उंबऱ्याचं कसं करताय?"

चेष्टेत बोलला. हे उठले. शहाळं आणतो म्हणून गेले. शहाळंवाला फाटकातच आहे, तरी बराच वेळ आले नाहीत. आले ते शहाळं न घेताच.

मी पोराला म्हटलं, बापाला असं बोलू नये. तो म्हणाला, "मग कवा बोलू?"

शनिवार, ८ मार्च

सकाळी विशू गेला. अंगावर कातडी नव्हती, तिथून जंतू रक्तात गेले म्हणतात. गुंगीच्या औषधांनी आतलं लढणारं कुणी उरलं नव्हतं.

आंघोळ घालू दिली नाही. पानांसकट गुंडाळला.

अंबाबाई, तुला काय म्हणू.

मंगळवार, १८ मार्च

काल दहावा झाला. घाटावर भावकी, क्लासमधले सर, त्यानं शिकवलेली पोरं आली होती. निशिगंधा लांब पायरीवर, प्रसेनजीतच्या मागं उभी होती. पुढं आली नाही.

आदल्या दिवशी हे आपण होऊन म्हणाले होते, "तिला सांग, घरी ये म्हणून. नवऱ्याला बी घिऊन." यांच्या तोंडून हे निघायला पोरगा जावा लागला, हे माझ्या मनात आलं आणि मी ते गिळलं. क्रांतीचा मोबाइल मागून लगेच फोन केला.

निशिगंधा म्हणाली, "नको, आई."

"आण्णांनी बोलावलंय."

"त्यांना सांग, ऐकून बरं वाटलं. पण नको. लोक जेवायला बसणार आणि मी समोर."

मला वाटलं, जातीवरून कुणी बोलेल म्हणून भिते. म्हटलं, कोण काय म्हणतंय, मी आहे. ती म्हणाली, "तू आहेस म्हणूनच," आणि फोन ठेवला.

राग आला. सहा वर्षं दार बंद होतं म्हणून रडली, उघडलं तर ताठली. असं काल घाटावरही माझ्या मनात होतं. लिहिलंय ते खोडत नाही.

गुरुवार, २७ मार्च

घरात औषधाच्या न फोडलेल्या बाटल्या होत्या. टाकवेनात. कुणाच्या लेकराला उपयोगी पडतील म्हणून दवाखान्यात द्यायला गेले. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून बसवलं. पाणी दिलं.

म्हणाल्या, "मी फोन करणारच होते. तो दुसरा तुकडा बघून झाला."

मी बाटल्यांची पिशवी खाली ठेवली.

"कातडीत जिथं झगडा चालला होता, तिथल्या राखणदार पेशी बहुतेक पुरुषाच्या निघाल्या. म्हणजे विश्वजितच्याच. जुन्या."

मला कळेना. मी म्हटलं, त्याच्या तर केमो देऊन मारल्या होत्या ना.

"रक्तातल्या मेल्या. कातडीत खोल बसलेल्या काही तग धरून राहतात. नवीन रक्त आलं आणि त्या गडबडीत त्या पिसाळल्या. सगळ्याच रोग्यांत असं होतं का, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही, अभ्यास चाललाय. बहिणीच्या पेशी तिथं होत्याच, नव्हत्या असं नाही. पण थोड्या. मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते फार सोपं करून सांगितलं होतं."

"आणि तिच्या बाकीच्या कुठं होत्या?"

"हाडात. रक्त करत होत्या. शेवटच्या तपासणीत कॅन्सर कुठं दिसत नव्हता."

मी उठले. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला सांगाल का? तो असताना तिनं मला जिन्यात गाठलं होतं. माझ्यामुळं होतंय का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, पेशी काय करतात त्यात देणाऱ्याचा काही दोष नसतो. पटलं नाही तिला. म्हणाली, पण आईनं तसंच सांगितलंय."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरले. मग कुठल्या रिक्षानं आले, काय भाडं दिलं, आठवत नाही. लाल वहीत आज जागा कोरी आहे.

बाकावर ती पर्स मांडीवर घेऊन का बसत होती, ते आज कळलं.

रविवार, ३० मार्च

पाडवा. दुखवट्याच्या वर्षात गुढी नाही. गल्लीत सगळीकडं उभ्या आहेत.

यांना परवाच सगळं सांगितलं होतं, नारळाचंसुद्धा. हे म्हणाले, "तुझ्याबरुबर येतो." पांढरा सदरा घातला. स्टँडवर वडगावची गाडी लागली तेव्हा मात्र बाकावर बसून राहिले. म्हणाले, "तू जा म्होरं. मी बसतो हितं." मी आग्रह केला नाही.

निशिगंधा घरी होती. वाळलीय. साक्षी अभ्यासाची पाटी घेऊन आली, मी तिला जवळ घेतलं तर ह्या वेळी आली. सरुबाईंनी चटई टाकली.

मी वाटेत पाठ करत आले होते तसं सांगितलं. कातडीत होत्या त्या त्याच्याच. तुझ्या त्याच्या हाडात होत्या, रक्त करत होत्या. त्याचा मूळ रोग तुझ्या पेशींनी पुरता धुऊन काढला होता. मी तुला नारळावर हात ठेवून बोलायला लावलं, ते चुकलं माझं. तुझ्यामुळं नाही गेला तो.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडेल असं वाटलं. माझे डोळे वाहत होते, तिचे कोरडे. प्रसेनजीत उठला आणि पोरीला घेऊन बाहेर गेला.

तो गेल्यावर ती म्हणाली, "आई, रंग लावल्यावर माझ्याच निघाल्या असत्या तर?"

"पण न्हाय निघाल्या की."

"निघाल्या असत्या तर तू आज आली असतीस?"

मी तिच्याकडं बघितलं. मला हो म्हणायचं होतं. सरुबाईंनी मान दुसरीकडं वळवली, मला तेवढं तरी सोडवायला.

"मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, देणाऱ्याचा दोष नसतो म्हणून," निशिगंधा म्हणाली. "मला तू सांगायला हवं होतंस. तुकडा तपासायच्या आधी."

मी तिच्या पाठीला, कमरेपाशी हात लावला. तिथं सुईच्या खुणा असतील. तिनं हात काढला नाही, जवळही आली नाही.

परतीच्या गाडीत उत्तरं जुळवत आले. प्रत्येक उत्तर 'आले असते' असंच सुरू होतं. आजच्या आधी सहा वर्षांत मी तिच्या घरी एकदाच गेले, ते नारळ घेऊन. मग पुढचा शब्द जुळत नाही.

उतरले तर हे त्याच बाकावर. जेवले नव्हते. "काय म्हणाली?" मी तिचा प्रश्न सांगितला, जसाच्या तसा.

"मग तू काय सांगितलंस?"

"काय न्हाय."

हे उठले. चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन वडगावची गाडी विचारली. शेवटची लागलीच होती. मी म्हटलं, उद्या जाऊ, दोघं जाऊ. ऐकलं नाही. दांड्याला धरून चढले, खिडकीशी बसले, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मी एकटी घरी आले. यांना तरी काही उत्तर सुचतंय का बघू.